क्लबचा मालक अचानक गेला तर फॅन्सनी काय करायचं, काय नाही

आधीच सांगतो, फुटबॉल क्लबच्या मालकासाठी रडू का येतं हे घरच्यांना पटवायच्या भानगडीत पडू नका. "तुझा कोण लागत होता तो?" हा प्रश्न येणारच आणि त्याला धड उत्तर नाहीये. तसं बघितलं तर बहुतेक मालकांसाठी कुणी रडत पण नाही, उलट क्लब विका आणि निघा असे बॅनर घेऊन लोक स्टेडियमबाहेर उभे असतात. त्यामुळे जेव्हा एखाद्या मालकासाठी अख्खं शहर गळ्यात स्कार्फ घालून रस्त्यावर येतं तेव्हा त्यांनी ते कसं निभावलं हे बघण्यासारखं असतं. मी सगळं इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबवरूनच सांगणारे, कारण एवढं नीट केलेलं मी दुसरीकडे बघितलं नाही, आणि शिवाय लेस्टर म्हणजे आपल्या देशी लोकांनी भरलेलं गाव, गुजराती जास्त पण मराठी पण आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शनिवार, २७ ऑक्टोबर २०१८. वेस्ट हॅमबरोबर मॅच १-१ सुटली, एनडिडीने शेवटी शेवटी बरोबरी करून दिली. आपल्याकडे तोवर मध्यरात्र होत आलेली, टीव्ही बंद करून बरेच जण झोपले पण. मालक विचाई श्रीवद्धनप्रभा मॅचनंतर नेहमीसारखे ग्राउंडच्या मधूनच हेलिकॉप्टरने निघाले आणि थोड्याच वेळात ते हेलिकॉप्टर गरागरा फिरत स्टेडियमच्या बाजूच्या कार पार्कपाशी कोसळलं, पेटलं. आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेलेला. आत पाच जण होते, पाचही गेले.

आता मुद्द्याचं.

पहिली रात्र: हात आवरा

सगळ्यात अवघड भाग हाच आहे, म्हणून यावरच जास्त बोलतो. अपघात शनिवारी रात्री झाला आणि विचाई गेले हे क्लबने अधिकृतपणे सांगितलं रविवारी रात्री उशिरा, म्हणजे आपली सोमवारची पहाट. मधला जवळजवळ पूर्ण दिवस कुणालाच पक्कं माहीत नव्हतं, म्हणजे अंदाज सगळ्यांनाच होता पण सांगितलं कुणी नव्हतं. ते हेलिकॉप्टरमध्ये होते, नव्हते, मुलगा होता, मॅनेजर होता, काय वाट्टेल ते फिरत होतं. अशा वेळी पहिला आरआयपी टाकण्याची जी खाज सुटते ना, ती मारा. तुम्ही काही न्यूज चॅनेल नाही. त्या माणसाची बायको, मुलं कुठेतरी फोन धरून बसलेली असतात आणि त्यांच्या आधी तुम्ही श्रद्धांजली वाहून मोकळे होता, हे बरं दिसत नाही. काहीतरी लिहायचंच असेल तर "सगळे सुखरूप असू देत" एवढं पुरे.

आणि व्हिडिओ. जळत्या हेलिकॉप्टरचे व्हिडिओ त्या रात्रीच सगळीकडे आले होते. ते फॉरवर्ड करू नका, सेव्ह पण करू नका, ग्रुपवर कुणी टाकला तर ॲडमिनला सांगून डिलीट करून घ्या, भांडण झालं तरी चालेल. आत माणसं होती.

तज्ज्ञगिरी पण नको. का पडलं, कुणाची चूक, पायलटने असं करायला हवं होतं तसं करायला हवं होतं. तपासाचा अंतिम अहवाल यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला, जवळजवळ पाच वर्षं, आणि त्यात निघालं की मागच्या पंख्याचं, म्हणजे टेल रोटरचं बेअरिंग जाम झालं होतं आणि त्यानंतर पायलटच्या हातात फारसं काही उरलंच नव्हतं. पाच वर्षं आणि अख्खी टीम लागली जे शोधायला, ते आपण फोनवर दहा मिनिटांत सांगणार का?

पाच म्हणजे पाच

हे लेस्टरच्या लोकांचं मला सगळ्यात जास्त आवडलेलं. विचाई मोठे, त्यांचंच नाव जगभर झालं, पण त्यांच्याबरोबर त्यांच्या स्टाफमधले दोघं, पायलट, आणि पायलटची जोडीदार, जी स्वतः पण पायलट होती, हे चौघं पण गेले. तिथे बऱ्याच कार्डांवर, बॅनरवर पाचही नावं होती. मोठ्या माणसाबरोबर गेलेले लोक बातमीत "आणि इतर चार" होऊन जातात. चेल्सीचे व्हाइस चेअरमन मॅथ्यू हार्डिंग २२ ऑक्टोबर १९९६ ला बोल्टनची मॅच बघून परतताना असेच हेलिकॉप्टर अपघातात गेले, तिथे पण एकूण पाच जण होते. हार्डिंगच्या नावाचा स्टँड आजही आहे चेल्सीच्या ग्राउंडवर, बाकीच्या चौघांची नावं किती जणांना येतात ते एखाद्या चेल्सी फॅनला विचारून बघा.

तेव्हा पोस्ट टाका, बॅनर करा, काही करा, सगळ्यांची नावं लिहा. स्पेलिंग तपासून लिहा. थाई नावं लांबलचक असतात म्हणून शॉर्टकट मारू नका, श्रीवद्धनप्रभा हे लिहायला वेळ लागतो तर लागू दे.

फुलं, शर्ट, स्कार्फ

तिथे असाल तर जायचं. कन्फर्म झालं नसलं तरी चालतं, लेस्टरमध्ये रविवारी सकाळपासूनच लोक फुलं घेऊन यायला लागले होते. पोलिसांनी जिथे दोरी लावलीय त्याच्या अलीकडे थांबा, कुणीतरी आधी ठेवायला सुरुवात केलेली असते त्याच्या शेजारी ठेवा आणि बाजूला व्हा, मागच्यांना जागा द्या. सेल्फी नको. फोटो काढायचाच तर फुलांचा काढा, रडणाऱ्या माणसाचा नको.

काय न्यायचं याला काही नियम नाही. तिथे फुलं होती, शर्ट होते, स्कार्फ होते, इतर क्लबचे पण. कुणीतरी गणपतीचा फोटो आणून ठेवला होता. एका थाई बौद्ध माणसासाठी, इंग्लंडमधल्या फुटबॉल स्टेडियमबाहेर, गणपती. आपल्याला जरा भारी वाटतं ते ऐकून, पण खरं म्हणजे थायलंडमध्ये पण गणपतीला मानतात, आणि विचाई स्वतः बँकॉकहून भिक्खू आणून ग्राउंडवर आशीर्वादाचं पाणी शिंपडून घ्यायचे, त्यामुळे तो फोटो तिथे अजिबात उपरा वाटला नाही. एवढंच की आपल्या सवयीने नारळ फोडणं, नैवेद्याचं ताट ठेवणं टाळा. रात्री उंदीर येतात आणि साफ करणारा दुसराच असतो.

काही बारक्या गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. फुलांचं प्लॅस्टिक आणि रिबन काढून ठेवा, हे मी उगाच शिष्टपणाने नाही सांगत. लेस्टरमध्ये ती हजारो फुलं नंतर कचऱ्यात नाही गेली, त्यांचं खत केलं आणि ते खत अपघाताच्या जागेवर जी बाग केली तिच्या मातीत घातलं. प्लॅस्टिकसकट ठेवलेला गुच्छ कुणालातरी हाताने सोडवत बसावा लागतो. कार्ड लिहिणार असाल तर बॉलपेनने किंवा न पसरणाऱ्या मार्करने लिहा आणि प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घाला (हो, आत्ताच प्लॅस्टिक नको म्हणालो, पण इंग्लंडचा ऑक्टोबर आहे, पाऊस येतोच, शाई वाहून गेली की काही उरत नाही, आणि पाउच वेगळा काढता येतो). मेणबत्ती लावायची तर काचेत, आणि शर्ट-स्कार्फपासून लांब, सगळं पॉलिस्टर असतं ते. शर्ट ठेवायचा असेल तर असा ठेवा जो परत मिळाला नाही तरी चालेल, २०१६ चा चॅम्पियन सीझनचा सही केलेला शर्ट भावनेच्या भरात ठेवून आलात तर नंतर तोंड कुणाला दाखवणार.

काय लिहायचं

इथे लोक फसतात. "महान व्यक्तिमत्त्व हरपले", "फुटबॉलची कधीही न भरून येणारी हानी", हे आपल्याकडच्या फ्लेक्सवरचं मराठी झालं. फ्लेक्सवरून आठवलं, कृपा करून तो प्रकार करू नका ज्यात गेलेल्या माणसाचा फोटो एवढासा आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या बारा जणांचे फोटो गॉगल घालून. फॅन ग्रुपच्या लोगोला पण हेच लागू, कोपऱ्यात बारीक टाका नाहीतर टाकूच नका.

त्यापेक्षा त्या माणसाने नक्की काय केलं ते एक वाक्यात लिहा. विचाईंनी २०१० मध्ये क्लब घेतला तेव्हा लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं, २०१४ ला वर आलं, पुढच्या सीझनला ख्रिसमसला सगळ्यात तळाला होतं आणि तरी वाचलं, आणि २०१६ ला थेट प्रीमियर लीग जिंकलं, ज्यावर सीझनच्या आधी बुकींनी एकाला पाच हजार असा भाव लावला होता. हे सगळ्यांना माहीत आहे. पण लेस्टरच्या लोकांच्या तोंडी त्या आठवड्यात काय होतं माहितीये? फुकट बिअर आणि डोनट. वाढदिवस असला की विचाई स्टेडियममध्ये येणाऱ्या सगळ्यांना बिअर आणि डोनट वाटायचे, साठावा झाला तेव्हा साठ फॅन्सना सीझन तिकिटं फुकट दिली. लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी वीस लाख पाउंड दिले. क्लबवरचं दहा कोटी पाउंडांच्या वरचं कर्ज, जे त्यांच्याच कंपनीचं होतं, त्याचे शेअर करून टाकले, म्हणजे क्लबच्या डोक्यावरचं ओझं गेलं. चॅम्पियन झाल्यावर प्लेयर्सना एकेक निळी बीएमडब्ल्यू दिली होती, पण त्या गाड्यांबद्दल कुणी कार्ड लिहिलं असेल असं मला वाटत नाही, डोनटबद्दल लिहिलं. तर लिहायचं असेल तेव्हा असं काहीतरी शोधा जे तुमच्यापर्यंत पोचलं. तुम्ही नाशकात बसून बघत होतात, डोनट कुठला मिळणार, मग लिहा की त्या २०१६ च्या मे महिन्यात तुम्ही कुठे होतात, कुणाबरोबर बघत होतात. ते खरं असेल तर पुरतं.

देव करू नका पण. त्यांच्या किंग पॉवर कंपनीचा धंदा, थायलंडच्या विमानतळांवरच्या ड्युटी फ्रीचं कंत्राट, यावर प्रश्न होते आणि क्लबला आर्थिक नियमांच्या जुन्या प्रकरणात त्याच २०१८ साली लीगशी एकतीस लाख पाउंडांची तडजोड करावी लागली होती. हे पहिल्या आठवड्यात उकरून काढायची गरज नाही, तेराव्याच्या आधी कुणी हिशोब काढत नाही. पण दुसऱ्या कुणी पुढे कधी काढलं तर त्याच्या अंगावर पण धावून जाऊ नका. माणूस चांगला होता आणि प्रश्न पण होते, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

मॅच खेळायची की नाही

लेस्टरची मंगळवारची साउदॅम्प्टनबरोबरची कप मॅच पुढे ढकलली, पण शनिवारी ३ नोव्हेंबरला कार्डिफला खेळले. काही जणांना पटलं नाही. माझं मत असं की हा निर्णय प्लेयर्सचा आणि घरच्यांचा, फॅन्सनी त्यात नाक खुपसू नये, जे ठरेल त्याला हजर राहावं बस. त्या मॅचला डेमराय ग्रेने गोल केला, शर्ट काढला, आतल्या शर्टवर विचाईंचं नाव, आणि रेफ्रीने यलो कार्ड दाखवलं कारण नियम तो नियम. त्यावर लोक फार चिडले होते, मी पण, पण खरं सांगायचं तर ग्रेला कार्ड मिळणार हे माहीतच होतं आणि त्याने तरी काढला, यातच सगळं आलं. १-० जिंकले. मग प्लेयर्स बाहेरगावाहून आलेल्या फॅन्सच्या स्टँडसमोर जाऊन बराच वेळ उभे राहिले आणि तिथूनच बँकॉकचं विमान पकडलं, अंत्यसंस्काराचे विधी आठवडाभर चालणार होते तिकडे.

मौन पाळताना दोन प्रकार लक्षात ठेवा. कधी एक मिनिट शांतता असते, कधी एक मिनिट टाळ्या. आधी कुठली आहे ते बघून घ्या, कारण शांततेत एकट्याने टाळी वाजवणारा आणि टाळ्यांमध्ये "श्श" करणारा, दोघांकडे सगळे वळून बघतात. फोन सायलेंट नाही, बंद. शेजारच्याने मध्येच ओरडलं तर लगेच त्याच्यावर ओरडू नका, त्याने आवाज दुप्पट होतो, संपल्यावर बोला. आणि पुढच्या घरच्या मॅचला, १० नोव्हेंबरला बर्नलीशी, दोन मिनिटांचं मौन होतं, इंग्लंडमध्ये तेव्हा युद्धात गेलेल्यांची आठवण पण असते, दोन्ही एकत्र आलं. लहान मुलं घेऊन जाणार असाल तर दोन मिनिटं किती लांब असतात हे त्यांना आधी घरी करून दाखवा.

त्या दिवशी मॅचआधी फॅन्स शहरातल्या ज्युबिली स्क्वेअरपासून स्टेडियमपर्यंत चालत गेले. त्या चालण्याला नाव दिलं होतं ५०००-१, त्याच सट्ट्याच्या भावावरून. असा मार्च काढायचा असेल तर शिका त्यातून: सुरुवात अशा जागी जिथे हजारो माणसं उभी राहू शकतील, पोलिसांना आणि क्लबला आधी कळवलेलं, अंतर म्हाताऱ्या माणसांना झेपेल एवढं, आणि पुढे भाषणं नाहीत. आपल्याकडे कुठलाही मोर्चा म्हटला की माइक आला, त्यापासून लांब राहा. तिथे एक-दोन गाणी झाली असतील, विचाईंवर फॅन्सचं स्वतःचं गाणं होतंच, ते म्हटलं की झालं. आणि एक, त्या वर्षी दिवाळी ७ नोव्हेंबरला होती, म्हणजे अपघात आणि हा मार्च यांच्या मध्येच, आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी म्हणजे भारताबाहेरच्या मोठ्यातल्या मोठ्या दिवाळ्यांपैकी एक. दिवाळी करायची की नाही असा प्रश्न कुणाला पडला असेल तर माझ्या मते करायची, पणती लावायची, एक जास्तीची लावायची. सण दुःखासाठी बंद ठेवायला ते दुःख घरचं लागतं, आणि हे दुःख कितीही खरं असलं तरी ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्याएवढं आपलं नाही, हे भान हवं.

दुसऱ्या क्लबचे फॅन असाल तर

चार दिवस बँटर, म्हणजे एकमेकांची टर उडवणं, बंद. "आमचा मालक का नाही" टाइप जोक तर अजिबात नाही, सगळ्यांना सुचतो, सगळ्यात घाणेरडा तोच असतो. स्कार्फ ठेवायला जा, तुमच्याच रंगाचा, कुणी काही म्हणणार नाही, उलट जवळ येऊन हात मिळवतील. पण तिथे जाऊन तुमच्या क्लबच्या मालकाशी तुलना करत बसू नका.

लांबून, म्हणजे पुण्या-मुंबईत बसून

स्क्रीनिंगला जात असाल तर पबवाल्याला आधीच सांगून ठेवा की किकऑफच्या पाच मिनिटं आधी टीव्हीचा आवाज चालू ठेव आणि आपली गाणी बंद कर, नाहीतर इंग्लंडमध्ये तीस हजार लोक गप्प उभे आणि इथे बादशाह वाजतोय असं होतं. मोबाइलवर बघणाऱ्यांचं स्ट्रीम मागे असतं, म्हणून मौन टीव्हीवर चालू झालं की सगळ्यांनी उभं राहायचं, आपापल्या फोनवर नाही.

पैसे गोळा करायचे झाले तर स्वतःचा क्यूआर कोड फिरवू नका. नियत साफ असली तरी महिन्याने हिशोब मागणारा एक जण निघतोच आणि मग ग्रुप फुटतो. क्लबची स्वतःची चॅरिटी असते, लेस्टरच्या चॅरिटीला तर पुढे विचाईंचंच नाव दिलं, प्रत्येकाने थेट तिथे द्यावे. नाहीतर आपल्या गावातल्या सरकारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डला काय हवंय ते विचारून तेवढं घेऊन द्या, फोटो न काढता.

नंतरची वर्षं

पहिल्या महिन्यात सगळेच असतात. खरा घोळ नंतर होतो, जेव्हा मुलगा किंवा मुलगी खुर्चीवर बसते आणि टीम हरायला लागते. लेस्टरने २०२१ मध्ये चेल्सीला हरवून एफए कप जिंकला तेव्हा विचाईंचा मुलगा टॉप मैदानात आला, प्लेयर्सनी त्याला मिठ्या मारल्या, ज्याच्या डोळ्यात पाणी आलं नाही असा लेस्टर फॅन मला तरी माहीत नाही. २०२२ ला ४ एप्रिलला, विचाईंच्या वाढदिवसाला, स्टेडियमबाहेर पुतळा झाला. आणि मग २०२३ ला क्लब खाली गेला, वर आला, २०२५ ला परत खाली, आणि त्याच स्टेडियममध्ये मॅनेजमेंटच्या विरोधात घोषणा झाल्या. काही जणांना हे कृतघ्नपणाचं वाटतं, "बापाचं एवढं केलेलं विसरलात का". मला नाही वाटत. बापाला फुलं वाहिली म्हणून मुलाच्या खरेदी-विक्रीवर गप्प बसायचं असा काही करार झाला नव्हता. फक्त घोषणा देताना बापाचं नाव मध्ये ओढू नका, ना त्याच्या बाजूने ना विरुद्ध, "वडील असते तर असं झालं नसतं" हे तर नकोच, मुलाने ते स्वतःशी हजार वेळा म्हटलेलं असणार.

आणि निषेधाच्या दिवशी बागेत बॅनर नेऊ नका. स्टेडियमच्या बाजूलाच आहे ती, अपघात झाला तिथेच, मॅचच्या आधी गेलात तर गर्दी कमी मिळते. बॅनर गाडीत ठेवा, आत जाऊन या, मग बाहेर येऊन हवं तेवढं ओरडा.